सतरा सप्टेंबरच्या पुढची पानं

२०२३च्या सप्टेंबरनंतर आमच्या हदगावात उर्दूला अचानक भाव आला. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठा आरक्षणासाठी निजामाच्या दप्तरात 'कुणबी' नोंदी शोधायचं ठरलं, आणि खेड्यापाड्यांतली माणसं फडक्यात बांधलेले जुने कागद घेऊन उर्दू वाचणाऱ्याचं घर विचारत फिरू लागली. मी काही उर्दूचा मास्तर नव्हे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालो. पण माझे दादा, म्हणजे आजोबा, पटवाऱ्याच्या हाताखाली नकला उतरवायचे. त्यांनी पाटीवर गिरवून घेतलेलं उर्दू आणि ती घाईघाईची घसीट लिपी मला अजून लागते. "गुरुजी, ह्याच्यात आमच्या पणज्याची जात काय लिहिली, तेवढं बघा," म्हणत पोरं सकाळीच ओसरीवर येऊन बसायची. ज्या भाषेची पाटी चौकात दिसली की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, तीच भाषा आता आरक्षण मिळवून देणार होती. मी कुणाला चिमटा काढला नाही. चहा पाजला आणि वाचून दिलं.

तो कागद पाहण्यासारखा असतो. खाकी, जाडसर, घडीवर फाटलेला. वर गोल शिक्का, बाजूला फसली साल, रकमा हाली रुपयांत. अक्षरं अशी की नुक्ते लिहायला कारकुनाला सवडच मिळाली नसावी. 'वल्द' म्हणजे मुलगा, 'कौम' म्हणजे जात, 'साकिन' म्हणजे राहणार, एवढं पाठ झालं की निम्मा कागद उलगडतो. 'कौम'पुढे कधी कुणबी सापडायचा, कधी नाही. मला मात्र भलतंच काही सापडत गेलं. एकेका गावाच्या यादीत अधूनमधून पिंजारी, मुलाणी, आतार, फकीर, मोमीन अशी घरं यायची. अशाच एका गावचा पोरगा समोर बसला होता. मी विचारलं, "अरे, तुमच्या गावात ही घरं कुठं आहेत आता?" तो म्हणाला, "आमच्याकडं मुसलमान नाहीतच, गुरुजी. रझाकाराच्या टायमाला गेले असतील."

उत्तर प्रामाणिक होतं, त्यानं शाळेत तेच ऐकलं होतं. पण जरा थांबून विचार केला तर त्यात गंमत आहे. रझाकाराच्या काळात मुसलमान गाव सोडून कशाला जाईल? तो गेला रझाकार संपल्यावर.

हदगाव तालुका निजामाच्या राज्याच्या अगदी काठावरचा. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, उमरखेड, म्हणजे इंग्रजी मुलूख. अलीकडे मोगलाई. १९४७-४८ साली या नदीनं दोन्ही बाजूंचं भय पाहिलं. आधीचं भय रझाकारांचं, आणि ते खरं होतं, हे मी पहिल्यांदा सांगतो. मी मुसलमान आहे म्हणून नव्हे, इतिहासाचा मास्तर होतो म्हणून. लातूरचा वकील कासीम रझवी १९४६ साली इत्तेहादुल मुसलमीनचा पुढारी झाला आणि त्याच्या स्वयंसेवकांनी, म्हणजे रझाकारांनी, मराठवाड्यात लूट, जाळपोळ, खून, खंडणी असं सगळं केलं. बिलोली तालुक्यात अर्जापूरला गोविंदराव पानसरे १९४६ सालीच मारले गेले. हिमायतनगरच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते हुतात्मा जयवंतराव पाटील आमच्याच भागातले. गावंच्या गावं रातोरात बैलगाड्या जुंपून पैनगंगेपलीकडे गेली. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचा कॅम्प उमरखेडला होता. गांधीजींना गोळ्या घातल्या त्याच दिवशी, ३० जानेवारी १९४८ला, याच कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटून चळवळीसाठी पैसा उभा केला. हे सगळं आमच्या पाठ्यपुस्तकांत, स्मरणिकांत, भाषणांत आहे आणि असायलाच हवं.

मग १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज आत आली, तीच 'पोलिस अ‍ॅक्शन'. पाच दिवसांत निजामानं हात टेकले. १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडा, गाणी, जिलेबी. भाषण इथं संपतं. माझंही पुष्कळ वर्षं इथंच संपायचं.

घरी मात्र ते १७ तारखेलाच सुरू व्हायचं. दादीला पोलिस अ‍ॅक्शन हा शब्द म्हणता यायचा नाही, ती 'पुलिसॅक्शन' असं एका दमात म्हणायची आणि लगेच विषय बदलायची. आम्ही तेव्हा हदगावात नव्हतो, तालुक्यातल्याच एका खेड्यात होतो. सप्टेंबर सरता सरता बाहेरून टोळ्या येताहेत असा गलका झाला, तेव्हा गावच्या पाटलीणबाईंनी दादीला आपलं लुगडं नेसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि माजघरात जात्यावर बसवलं. तोंड भिंतीकडे. कुणी डोकावलं की दादीनं दळायचं. दळण संपलं तरी दळायचं. दादांना आणि त्यांच्या भावाला बळदात उतरवून वर ज्वारीची पोती टाकली. टोळीतल्या कुणीतरी विचारलं, "ही कोण?" पाटलीणबाई म्हणाल्या, "माझी भावजय. मुकी आहे." दादी पुढे कधी कधी हसून सांगायची की आयुष्यात तेवढाच काळ ती गप्प राहिली. एवढं सांगितलं की तिचं सांगणं संपायचं. दादांचा धाकटा भाऊ जिथं नोकरीला होता त्या गावातून परत आला नाही, हे मला फुफीनं सांगितलं, तेही दादी गेल्यावर.

आता यातलं घरगुती सोडून देऊ आणि नोंद झालेलं बघू. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक २९ नोव्हेंबर १९४८ला हैदराबाद संस्थानात आलं आणि २१ डिसेंबरपर्यंत फिरलं. सुंदरलाल म्हणजे 'भारत में अंग्रेजी राज' लिहिणारे, ज्यांचं ते पुस्तक इंग्रजांनी जप्त केलं होतं. त्यांच्याबरोबर काझी अब्दुल गफ्फार होते. हैदराबादचं 'पयाम' हे उर्दू दैनिक त्यांनीच काढलं होतं. तिसरे मौलाना अब्दुल्ला मिस्री. सोळापैकी नऊ जिल्हे, सात जिल्ह्यांची मुख्य गावं, एकवीस शहरं, तेवीस मोठी खेडी त्यांनी स्वतः पाहिली आणि जिथं जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून जास्त माणसांशी ते बोलले. अंदाज अगदी हात राखून करतोय असं म्हणत त्यांनी आकडा मांडला : पोलिस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर संपूर्ण संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. सगळ्यांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांत मिळून निदान अठरा हजार. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं. रझवीचं गाव म्हणून तिथं वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुसलमानांपैकी पथकाला तिथं जेमतेम तीन हजार आढळले, हजारावर मारले गेले होते आणि बाकीचे पळाले होते. रझवी स्वतः मात्र जिवंत होता. १९५७ साली तुरुंगातून सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० साली तिकडेच वारला.

काही ठिकाणी लष्करातल्या आणि पोलिसांतल्या लोकांनी लुटीत भाग घेतला, सोलापूरकडून आणि इतर शहरांतून हत्यारबंद जातीय टोळ्या आल्या, असं अहवालात स्पष्ट लिहिलंय. सैन्याच्या बऱ्याच अधिकाऱ्यांनी शिस्त राखली, लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी यांच्याबद्दल चांगलं मत झालं, हेही त्याच अहवालात आहे. पथकानं रझाकारांचे अत्याचार झाकलेले नाहीत. सरकारनं मात्र हा अहवाल छापला नाही. १९८८ साली उमर खालिदींच्या पुस्तकात त्यातले उतारे आले, पुढं २०१३ साली ए. जी. नूरानींनी तो पुस्तकात दिला. मराठवाड्यातल्या सामान्य वाचकापर्यंत तो आजही पोचलेला नाही.

आकड्यांवर वाद आहेत. असू देत. मला त्या अहवालातली दुसरीच एक जागा सतवते. ज्या गावांत हे झालं त्याच गावांत हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना, बायाबापड्यांना, जिवाची पर्वा न करता लपवलं, असं सुंदरलाल लिहितात. एका धंद्यातली माणसं तर विशेष करून एकमेकांसाठी उभी राहिली. त्यात विणकरांचा उल्लेख आहे : हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवण्यासाठी हिंदूंच्याच टोळ्यांना अंगावर घेतलं आणि त्यात स्वतःची माणसं गमावली. पळवून नेलेल्या मुसलमान बायका परत आणायलाही हिंदू लोक धावले. यातल्या एकाही विणकराचं नाव आमच्याकडे कुठल्या चौकाला नाही. स्मरणिकेत नाही, स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत तर नाहीच. कारण साधं आहे. कुणी कुणाला वाचवलं हे सांगायचं तर कुणापासून वाचवलं हेही सांगावं लागतं. ती पुढची पानं फाडली तेव्हा मुसलमानांचं दुःख तर गेलंच, पण मराठ्यांचा, साळ्यांचा, कोष्ट्यांचा मोठेपणाही त्याच पानांवर होता, तोही गेला. माझी तक्रार मुख्यतः ही आहे.

आणि एक हिशेब राहतो. खेड्यातला मुसलमान म्हणजे जहागीरदार, ही समजूत आजही टिकून आहे. जहागीरदार होते, त्यांच्या देवड्या होत्या, उर्मट अरब-रोहिलेही होते. पण माझ्यासमोरच्या कागदांत कापूस पिंजणारा, कोंबडं हलाल करून देणारा, अत्तर-उदबत्ती विकणारा मुसलमान होता. इत्तेहादनं या पिंजाऱ्याला 'अनल मलिक' शिकवलं : तूच राजा, सत्ता तुझी, निजाम फक्त तिचं प्रतीक. घरी दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असलेल्या माणसाचा त्यावर किती विश्वास बसला, अल्ला जाणे. रझाकार झालेले त्यांच्यातही होते, नाही म्हणत नाही. पण सप्टेंबरनंतर गावानं मात्र त्या घोषणेवर पुरता विश्वास ठेवला आणि राजेपणाची वसुली पिंजाऱ्याकडून केली. खरा राजा २६ जानेवारी १९५०ला राजप्रमुख झाला आणि १९५६पर्यंत त्या पदावर राहिला.

ज्या मुसलमानांनी रझाकारांना तोंडावर नाही म्हटलं, त्यांचं काय झालं? शोएबुल्ला खान हे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. रझाकारांविरुद्ध लिहीत होते, भारतात विलीन व्हा म्हणत होते. ऑगस्ट १९४८मध्ये त्यांना रात्री रस्त्यात गाठून गोळ्या घातल्या आणि हात तोडले. आमच्या नांदेडमध्ये महसूल खात्यात अधिकारी असलेल्या फरीद मिर्झांनी रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ राजीनामा दिला, आणि विलीनीकरणाची मागणी करणाऱ्या मुसलमानांच्या जाहीर पत्रकावर सही केली. त्या दिवसांत हे म्हणजे मान पुढं करणं होतं. पोलिस अ‍ॅक्शननंतर हाच माणूस गावोगाव हिंडला, मुसलमानांचं काय झालं ते पाहिलं आणि १९७६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. दोन्ही बाजूंचे अत्याचार एकाच लेखणीनं लिहिणारा माणूस आमच्या जिल्ह्यात नोकरीला होता. नांदेडात मी विचारून पाहिलं. नाव ठाऊक असलेलं कुणी भेटलं नाही.

शाळेची एक गोष्ट सांगतो. मुक्तिसंग्राम दिनाला पोरांचं नाटुकलं असतं. मी नोकरीला लागलो तेव्हा एका शाळेत पाहिलं, रझाकाराचं काम ठरलेलं : वर्गातला जो मुसलमान पोरगा उंच असेल तो. खाकी शर्ट, कोळशाची दाढी, हातात लाकडी तलवार. टाळ्या पडायच्या. नंतर वर्षभर त्याला मधल्या सुट्टीत "ए रझाकार" अशी हाक. मास्तर मंडळींचा दुष्टावा नव्हता, सोय होती. ते पोरगं हसायचं, दुसरं काय करणार? माझ्याही बाबतीत लहानपणी हेच झालं होतं, पण तेव्हा मला तलवार मिळाली याचाच आनंद.

पुढं नाटुकलं बसवायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मी भाषण दिलं नाही, फक्त वाटप बदललं. रझाकाराचं काम चिठ्ठ्या टाकून. शोएबुल्लाचा प्रवेश नवीन लिहिला, त्याचं काम एका मराठ्याच्या पोरानं मागून घेतलं कारण त्यात मरायला मिळत होतं. आणि शेवटी जात्याचा प्रवेश घातला : बाई दळतेय, दारात टोळी, पाटलीणबाई म्हणतात, ही मुकी आहे. गावाचं नाव नाही, सालही नाही. सरावाच्या वेळी एका सहकाऱ्यानं बाजूला घेऊन विचारलं, "गुरुजी, ही टोळी रझाकारांचीच ना?" मी म्हणालो, "पोरांना विचारा." पोरांनी ठामपणे सांगितलं, रझाकारांचीच. मी दुरुस्त केलं नाही. प्रेक्षकांत बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी काहींना बरोबर कळलं होतं. त्यातला एकजण प्रयोगानंतर जवळ आला, माझा दंड धरला, काही न बोलता थोडा वेळ उभा राहिला आणि तंबाखू मळत निघून गेला. पुढच्या वर्षीही तो प्रवेश झाला, त्याच्या पुढच्याही. मग नवीन मुख्याध्यापक आले, वेळ कमी आहे म्हणाले आणि नाटुकल्याच्या जागी देशभक्तिपर गाण्यांवर नाच आला. नाचाला चिठ्ठ्या लागत नाहीत.

द्वेष काही रोज तलवार घेऊन फिरत नाही. हदगावात भाड्यानं खोली बघायला गेलेल्या माझ्या मुलाला नाव सांगेपर्यंत खोली मोकळी होती. तामशाच्या बारालिंगाला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भाजी-भाकरीच्या पंगती उठतात. गावोगावच्या भाकरी तिथं एकत्र होतात आणि कुणाच्या तव्यावरची कुणाच्या पानात पडली हे कुणी विचारत नाही. मी पुष्कळदा जेवलोय. पंगतीला बसवणारा आणि खोली नाकारणारा एकाच गल्लीतला असू शकतो, हे आमच्याकडचं खरं चित्र. त्यातलं एकच सांगून पाहुण्याला खूश करणं किंवा भडकवणं सोपं असतं.

मोहरमचंही तसंच. मराठवाड्यात अशी कितीतरी गावं आहेत जिथं मुसलमानाचं घर उरलं नाही आणि सवाऱ्या अजून बसतात. आमचं ते जुनं गाव त्यातलंच. पंजे पाटलांच्या देवघराशेजारच्या लाकडी पेटीत वर्षभर असतात. चंद्र दिसला की बाहेर निघतात, चिंचेनं घासले जातात, त्यांना कोरी फडकी बांधली जातात. अलाव्याचा खड्डा जुन्या जागीच खणतात. ऊद जळतो, मोरचेल फिरतं, मलिदा वाटतात. फातेहा द्यायला कुणी नाही, म्हणून मला हदगावहून बोलावतात. मीही जातो, आमच्यातल्या काही नव्या शिकलेल्या पोरांना ते पसंत नसूनही. त्यांच्या मते हे सगळं बिदत, म्हणजे धर्मात मागाहून घुसलेली रीत, आहे. मी त्यांना म्हणतो, धर्माचं तुम्ही बघा, मला त्या गावात जायला दुसरं निमित्त कुठलं आहे?

गेल्या खेपेला फातेहा झाल्यावर पाटलांच्या नातवाशी बोलत बसलो. त्या पाटलीणबाई त्याची पणजी. माजघर पाडून त्यानं आता स्लॅबचं घर बांधलंय. जातं तुळशीपाशी पालथं घातलेलं आहे, त्यावर पोरं चढून पेरू काढतात. मी त्याला म्हटलं, "बाबा, हे सगळं लिहून ठेवतो. बाईंचं नाव, गावाचं नाव, सालासकट. स्वातंत्र्यसैनिकांच्या बायकांचे फोटो लागतात, तुमच्या पणजीचा का लागू नये?"

त्याला बरं वाटलं, ते दिसत होतं. आत जाऊन त्यानं बाईंचा एकुलता एक फोटो आणून दाखवला, डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मग जरा वेळानं म्हणाला, "मामा, लिहा. पण नाव नका घालू. गावाचंबी नको. ग्रामपंचायतीचं इलेक्शन लागायलंय आता. समोरचा गट म्हणंल, ह्यांनी तवा कोणाला लपिवलं बघा." मी म्हटलं, इलेक्शन झाल्यावर? तो म्हणाला, "मंग झेडपीचं लागंल."

म्हणून या लेखात ते नाव नाही.